मंत्र, सामग्री आणि नियम

मराठीत 'साहित्य' या एका शब्दाला दोन अर्थ आहेत. ग्रंथालयात तो उच्चारला तर कथा-काव्याची आठवण होते. देवघरात किंवा स्वयंपाकघरात उच्चारला तर हळदकुंकू, तांदूळ, तेल-तूप डोळ्यांसमोर येते. शब्द आणि वस्तू ही दोन निराळी जगे एकाच नावाखाली सुखाने नांदत आली आहेत. विसाव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत युरोप-अमेरिकेतील विद्यापीठांत संगणकावरचा एक खेळ जन्माला आला, आणि त्यात हे दोन अर्थ अक्षरशः एक झाले. त्या खेळात चित्र नव्हते. पडद्यावर फक्त अक्षरे उमटत. किल्ला, अरण्य, तलवार, औषधी, राक्षस, सारे काही दोन-चार वाक्यांच्या वर्णनाने उभे राही. निरनिराळ्या गावी बसलेली माणसे एकाच वेळी त्या शब्दसृष्टीत शिरत, एकमेकांना भेटत, भांडत, मैत्री करीत; आणि मंत्रही घालीत. मंत्राला सामग्री लागावी असे ज्यांना वाटले त्यांना ती सामग्री शब्दांतूनच घडवावी लागली.

मंत्राला नुसते शब्द पुरत नाहीत, त्याच्या जोडीला द्रव्य हवे, ही समजूत जगभर आढळते. आपल्याकडे तिचे रूप घरोघरी परिचित आहे. पूजा मांडलेली असते, यजमान सोवळे नेसून पाटावर बसलेला असतो, आणि ऐन वेळी लक्षात येते की देवाला वाहावयाचे वस्त्र आणावयाचे राहून गेले. गुरुजी विचलित होत नाहीत. वस्त्राच्या जागी अक्षता वाहावयास सांगतात आणि पूजा पुढे चालू राहते. ही सवलत परंपरेला मान्य आहे. पण ती केव्हा द्यावी, कोणत्या वस्तूपुरती द्यावी, हे ठरविणारा एक जाणता माणूस तेथे समक्ष बसलेला असतो. त्या माणसाच्या जागी यंत्र आले म्हणजे या अक्षतांचे काय होते? संगणकाच्या खेळातील मंत्रसामग्रीचा इतिहास हा बहुतांशी या एका प्रश्नाचा इतिहास आहे.

त्याची सुरुवात मात्र यंत्रापाशी होत नाही. ती साध्या टेबलापाशी होते. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ प्रसिद्ध केला. चार-पाच मित्र टेबलाभोवती बसत. प्रत्येकजण एखाद्या योद्ध्याची, चोराची किंवा मांत्रिकाची भूमिका घेई. एकजण सूत्रधार होई. समोर काय दिसते, कोण चालून येते, फाशाचे दान पडल्यावर काय घडते, हे तो सांगे. पुढे या खेळाची विस्तृत आवृत्ती निघाली आणि १९७८ साली खेळाडूंसाठी तिचे नियमपुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात मंत्राची तीन अंगे सांगितली होती: उच्चार, हातांची मुद्रा आणि द्रव्य. कोणत्या मंत्राला यांपैकी काय लागते हे प्रत्येक मंत्रापाशी नोंदविलेले होते.

त्या नोंदी वाचताना करमणूक होते आणि ग्रंथकर्त्याची मिस्किल दृष्टीही लक्षात येते. अग्निगोल फेकण्याच्या मंत्राला वटवाघळाची विष्ठा आणि गंधक लागे. वटवाघळांच्या गुहांतील विष्ठेपासून सोरा काढीत आणि सोरा व गंधक ही बंदुकीच्या दारूची दोन घटकद्रव्ये आहेत, हे ज्याला ठाऊक त्याला हा विनोद कळे. विजेच्या मंत्राला केसाळ कातड्याचा (फरचा) तुकडा आणि अंबराची, स्फटिकाची किंवा काचेची कांडी लागे; शाळेतील पदार्थविज्ञानाच्या तासाला कांडी घासून कागदाचे कपटे उचलणाऱ्या विद्यार्थ्याला त्यातील मर्म चटकन उमगेल. परंतु सर्वच द्रव्ये विनोदापुरती नव्हती. जादूची वस्तू ओळखण्याच्या मंत्रासाठी किमान १०० सुवर्णनाण्यांचा मोती खर्ची घालावा लागे. येथे द्रव्य हा लगाम होता. ज्याच्यापाशी मोती नाही त्याने वस्तू ओळखण्याची हाव धरू नये, असा त्याचा अर्थ.

प्रत्यक्ष खेळात हा लगाम सूत्रधाराच्या हाती असे. मांत्रिकाच्या झोळीत गंधक आहे की नाही याची झडती घेत बसणे कित्येक सूत्रधारांना कंटाळवाणे वाटे. ते तिकडे काणाडोळा करीत. दुसरा एखादा सूत्रधार काटेकोर असे. मागल्या आठवड्यात नदीतून पोहून आलास, मग गंधक भिजले नाही का, असे तो विचारी. अडचणीत सापडलेल्या नवख्या खेळाडूला तो सवलत देई, शेफारलेल्या जुन्या खेळाडूला अडवी. नियम पुस्तकात होता, पण त्याला लागणारा विवेक टेबलाच्या टोकाशी बसलेला होता. गुरुजी आणि अक्षता यांचेच हे दुसरे रूप.

१९७८ साली, म्हणजे ते नियमपुस्तक निघाले त्याच वर्षी, इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने 'पीडीपी-१०' या संगणकावर एक आज्ञावली लिहावयास घेतली. अनेकांनी एकाच वेळी खेळावयाचे शब्दांचे भुयार, असा तिचा हेतू होता. तिच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे घेऊन 'मड' हे नाव रूढ झाले. ट्रबशॉ विद्यापीठ सोडून जाताना त्याने हे काम रिचर्ड बार्टल या आपल्या सहाध्यायाच्या स्वाधीन केले आणि बार्टलने ते वाढविले. विद्यापीठाचा संगणक दिवसा इतर कामांत गुंतलेला असे. बाहेरच्या खेळाडूंना रात्रीच्या वेळी प्रवेश मिळे. दूरध्वनीच्या तारेवरून येणारे हे निशाचर त्या भुयारात पहाटेपर्यंत भटकत.

या खेळाने एक मोठा बदल घडविला, आणि तो प्रथमदर्शनी लक्षात येत नाही. टेबलापाशी बसलेला सूत्रधार येथे नव्हता. त्याची जागा आज्ञावलीने घेतली होती. ती रात्री दोन वाजता थकत नव्हती, कोणाचा पक्षपात करीत नव्हती, कोणावर रागावत नव्हती. आणि काणाडोळाही करीत नव्हती. जे लिहिले असेल तेवढेच ती पाळी. जे लिहिलेले नसेल ते तिच्या दृष्टीने अस्तित्वातच नसे. टेबलापाशी विवेकाने सहज सुटणारा प्रत्येक प्रश्न आता कोणीतरी आगाऊ ओळखून, त्याचे उत्तर ठरवून लिहून ठेवणे भाग होते.

मडची परंपरा झपाट्याने पसरली. १९८७ साली वेल्समधील ॲबरिस्टविथ येथे ॲलन कॉक्स आणि त्याच्या मित्रांनी 'ॲबरमड' रचले. १९८९ साली स्वीडनमध्ये गोथेनबर्ग येथे लार्स पेन्शो याने 'एलपीमड' निर्माण केले. १९९०-९१ मध्ये डेन्मार्कच्या कोपनहेगन विद्यापीठातील संगणकशास्त्राच्या पाच विद्यार्थ्यांनी 'डिकुमड' लिहिले. 'डिकु' हे त्यांच्या विभागाच्या नावाचे संक्षिप्त रूप. त्यांनी आपली आज्ञावली इतरांना खुली करून दिली. अट एवढीच की तिच्यावर पैसा मिळवू नये आणि मूळ कर्त्यांची नावे खेळाच्या आरंभी दाखवावीत. परिणामी जगभरच्या विद्यापीठांतून तिच्या प्रती फिरल्या आणि प्रत्येकाने आपापल्या परीने तिच्यात भर घातली.

डिकुमडमध्ये मंत्र पुष्कळ होते, पण त्यांना सामग्री लागत नसे. मांत्रिकापाशी 'माना' नावाची एक शक्ती असे आणि ती अंकांत मोजलेली असे. मंत्र घातला की तीतून ठराविक अंक वजा होत. विश्रांती घेतली की ते पुन्हा भरत. ही योजना आज्ञावलीकाराला फार सोयीची. वजाबाकी हा यंत्राचा सहजधर्म आहे. अंक हरवत नाही, चोरीला जात नाही, कुजत नाही, दुसऱ्याला उसना देता येत नाही. सामग्रीचे तसे नाही. सामग्री ही वस्तू आहे. ती कोठेतरी उगवावी लागते, कोणीतरी शोधून आणावी लागते, बाळगावी लागते आणि शेवटी नाहीशी व्हावी लागते. माना ही मांत्रिकाची खाजगी मिळकत. सामग्री मात्र त्याला बाजाराशी, अरण्याशी आणि शेजाऱ्याशी बांधून टाकते. म्हणूनच कित्येक मडचालकांना ती हवीशी वाटली, आणि म्हणूनच ती अवघडही ठरली.

या अडचणीवर काढलेला एक उपाय सविस्तर पाहण्यासारखा आहे. १९९३ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात असताना जेरेमी एल्सन याने डिकुमडच्या पायावर 'सर्कलमड' ही नीटनेटकी आवृत्ती प्रसिद्ध केली. दुसऱ्यांनी हिच्यावर आपले जग उभारावे, हाच तिचा उद्देश होता. तिच्या तिसऱ्या आवृत्तीत, मंत्रांच्या प्रकरणात, 'मॅग-मटेरियल्स' नावाचा आज्ञांचा एक छोटासा गट आहे. तो 'सी' भाषेत लिहिलेला असून पुस्तकाच्या एका पानाहून फारसा मोठा नाही. त्याचे काम एकच: मंत्र घालणाऱ्यापाशी आवश्यक ती सामग्री आहे की नाही हे पाहणे.

हे काम तो कसे करतो हे समजण्यासाठी आधी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. डिकुच्या घराण्यातील खेळांत प्रत्येक प्रकारच्या वस्तूला एक क्रमांक असतो. जग रचणारा माणूस आपल्या मजकुराच्या फाइलीत लिहितो की अमुक क्रमांकाची वस्तू म्हणजे एक दुर्मिळ औषधी, तिचे वजन इतके, किंमत इतकी. मंत्र लिहिणारा आज्ञावलीकार निराळा असू शकतो, दुसऱ्या देशातही असू शकतो. त्या दोघांतील करार म्हणजे हा क्रमांक. यंत्राला औषधीचा वास येत नाही, तिचे वर्णन त्याला वाचता येत नाही. त्याला फक्त क्रमांक कळतो.

'मॅग-मटेरियल्स'ला जास्तीत जास्त तीन क्रमांक सांगता येतात. जेथे तीन वस्तूंची गरज नसेल तेथे शून्य लिहावयाचे. मग ती आज्ञावली मांत्रिकापाशी असलेल्या वस्तू एकेक करून पाहत जाते. पहिल्या क्रमांकाची वस्तू सापडली की ती बाजूला नोंदवून ठेवते आणि ती मागणी पुरी झाली अशी खूण करते. मग दुसऱ्या, मग तिसऱ्या मागणीचे तसेच. एक वस्तू एकाच मागणीपुरती धरली जाते. एखाद्या मंत्राला त्याच औषधीच्या दोन काड्या हव्या असतील तर दोनच असाव्या लागतात. एकच काडी दोनदा मोजून भागत नाही. सारी झडती संपल्यावर एखादी मागणी अपुरी राहिली असेल, तर मंत्र निष्फळ होतो आणि एकाही वस्तूला हात लावला जात नाही. तिन्ही मागण्या पुऱ्या झाल्या असतील तरच, आणि मंत्रकर्त्याने तसे सांगितले असेल तरच, वस्तू काढून घेतल्या जातात.

आधी संपूर्ण मोजणी आणि मगच वसुली, या क्रमात न्याय आहे. सापडेल ती वस्तू लगेच काढून घेत गेले असते, तर तिसरी वस्तू नसलेल्या मांत्रिकाचा मंत्रही फसला असता आणि पहिल्या दोन वस्तूही गेल्या असत्या. दूरच्या डोंगरावरून आणलेली औषधी हकनाक गमावलेल्या खेळाडूला नियम समजावून सांगण्याचा काय उपयोग? ज्याने हा क्रम ठरविला त्याने त्या खेळाडूची तक्रार आधीच ऐकली होती, असे म्हणावयास हरकत नाही. शिवाय वस्तू काढून घ्यावयाच्या की नुसत्या जवळ असल्याची खात्री करावयाची, हाही पर्याय मंत्रकर्त्यावर सोपविलेला आहे. काचेची कांडी घासून झिजत नाही, गंधक मात्र जळून जाते. हा भेद त्या एका पर्यायात सामावतो.

या आज्ञावलीचे बोलणेही मजेदार आहे. सामग्री पुरी असेल तर मांत्रिकाच्या झोळीतून धुराचा एक झोत निघाल्याचे ती जाहीर करते आणि त्या दालनातील इतरांनाही तो दिसतो. सामग्री अपुरी असेल तर तीन संदेशांपैकी कोणता तरी एक येतो: नाकावर चामखीळ उगवली, केसांचे पुंजके गळाले, किंवा पायाच्या अंगठ्याला भलेमोठे घट्टे पडले. या व्याधी अर्थात शब्दांपुरत्याच. खेळाडूच्या प्रकृतीचा एकही अंक त्यामुळे घटत नाही. परंतु तिन्ही संदेशांत एक उणीव समान आहे. कोणती वस्तू कमी पडली हे त्यांपैकी एकही सांगत नाही. त्रुटी न कळविता परत आलेल्या अर्जाचा अनुभव ज्यांना आहे, त्यांना त्या मांत्रिकाच्या मनाची अवस्था वेगळी सांगावयास नको.

दुसरी उणीव अधिक सूक्ष्म आहे. आज्ञावली मांत्रिकाच्या हातची यादी पाहते. त्या यादीतील पिशवीच्या आत काय आहे ते पाहत नाही. औषधी नीट जपावी म्हणून पिशवीत घालून ठेवणाऱ्या व्यवस्थित माणसाचा मंत्र फसतो आणि सारे काही मोकळे बाळगणाऱ्या गबाळ्याचा साधतो. गंमत अशी की यशाच्या संदेशात धूर झोळीतून निघतो, आणि झोळी मात्र कोणी उघडून पाहिलेलीच नसते! टेबलापाशी हा प्रश्न उद्भवलाही नसता. पिशवीत आहे, असे खेळाडू म्हणाला असता आणि सूत्रधाराने मान डोलावली असती. यंत्राला मात्र 'जवळ असणे' म्हणजे काय हेही शिकवावे लागते.

या साऱ्यात सर्वांत लक्षणीय गोष्ट मूळ आज्ञावलीतील एका टिपणात सांगितलेली आहे. सर्कलमडमधील एकही मंत्र या सोयीचा वापर करीत नाही. ती दुसऱ्यांसाठी करून ठेवलेली आहे. एखादा उपचाराचा मंत्र दुर्मिळ वनस्पतीवर अवलंबून ठेवावयाचा असेल तर तो असा करता येईल, एवढे सुचवून टिपण थांबते. रस्त्याच्या कडेला कोणीतरी धर्मशाळा बांधावी आणि स्वतः त्या वाटेने कधीच जाऊ नये, तसे हे काम. पुढे आलेल्या अनेकांनी तेथून सुरुवात केली.

अशी सुरुवात करणाऱ्याला लवकरच कळे की मंत्राची आज्ञावली हे काम अर्धेच आहे. वनस्पती दुर्मिळ, म्हणजे किती दुर्मिळ? सर्कलमडमध्ये प्रत्येक प्रदेश ठराविक वेळाने पुन्हा सजविला जातो. त्या सजावटीच्या यादीत वस्तूचा क्रमांक, तिचे दालन आणि ती जगात एका वेळी जास्तीत जास्त किती असावी, हा आकडा लिहिलेला असतो. समजा, तो आकडा पाच आहे. पाच मुळ्या उगवल्या आणि एका खेळाडूने पाचही खुडून कमरेला बांधल्या, तर त्या जगात पाच मुळ्या अस्तित्वात आहेतच. म्हणून सहावी उगवत नाही. तो खेळाडू जोवर जगात वावरतो आणि मुळ्या खर्च करीत नाही, तोवर इतर कोणालाही तो उपचार साधत नाही. हे कोणी दुष्टपणाने ठरविलेले नसते. दुर्मिळतेसाठी लिहिलेला एक निरुपद्रवी आकडा आणि एका माणसाची साठेबाजी यांची गाठ पडली की टंचाई आपोआप निर्माण होते.

हाच धडा पुढे अधिक मोठ्या प्रमाणावर गिरविला गेला. १९८५ साली निघालेल्या 'अल्टिमा-४' या एकट्याने खेळावयाच्या खेळात रिचर्ड गॅरियटने मंत्रांसाठी आठ द्रव्ये योजिली होती: गंधकाची राख, जिनसेंग, लसूण, कोळ्याचे रेशीम, रक्तशेवाळ, काळा मोती, नाइटशेड आणि मँड्रेकचे मूळ. १९९७ साली त्याच परंपरेतील 'अल्टिमा ऑनलाइन' हा हजारो खेळाडूंचा सचित्र खेळ सुरू झाला, तेव्हा ही आठही द्रव्ये त्यात आली. आरंभी त्या जगातील एकूण संपत्ती मर्यादित ठेवून ती फिरती राहावी अशी योजना होती. परंतु माणसांनी वस्तू वापरण्यापेक्षा साठविणे पसंत केले; घरे आणि पेट्या भरल्या आणि नव्याने काही उपजेना. अखेर ती बंदिस्त योजना सोडून द्यावी लागली. एकट्याच्या खेळात सामग्री ही एक मौज असते. अनेकांच्या जगात ती अर्थव्यवस्था होते.

गोथेनबर्गच्या एलपीमडने याच प्रश्नाला निराळ्या बाजूने हात घातला. तेथे प्रत्येक वस्तू ही क्रमांकाची नोंद नसून 'एलपीसी' भाषेतील एक स्वतंत्र छोटी आज्ञावली असते. मंत्र मांत्रिकाच्या सामानाला विचारतो की तुमच्यात 'लसूण' या नावाने ओळखले जाणारे कोणी आहे काय, आणि प्रत्येक वस्तू आपले उत्तर आपण देते. यात मोठी लवचीकता आहे. एखाद्या रचनाकाराने रानलसूण निर्माण केली आणि तिला 'लसूण' या नावालाही ओ द्यावयास शिकविले, तर मंत्र तिचा स्वीकार करतो. मंत्रात एक अक्षरही बदलावे लागत नाही. यंत्राच्या राज्यात अक्षतांची सवलत शिरली ती या वाटेने.

पण सवलतीबरोबर तिचा धोकाही आला. एलपीमडमध्ये खेळात पुरेशी प्रगती केलेल्या खेळाडूंना जगात भर घालण्याचा अधिकार मिळे आणि निरनिराळे प्रदेश निरनिराळ्या हातांनी रचले जात. एखाद्याने आपल्या प्रदेशात लसणीच्या आकाराचे एक खेळणे ठेवले आणि सहज म्हणून त्याला 'लसूण' हेही नाव दिले, तर दुसऱ्या टोकाचा गंभीर मंत्र त्या खेळण्यावरही प्रसन्न होई. यावर उपाय म्हणून वस्तूला नाव न विचारता ती कोणत्या फाइलीतून निपजली हे विचारता येते. परंतु तसे केले की आपण पुन्हा क्रमांकाच्या काटेकोरपणाकडे येतो आणि बिचारी रानलसूण दाराबाहेर राहते. क्रमांक फसत नाही, पण तो समजूनही घेत नाही. नाव समजून घेते, पण फसते. हा पेच कोणत्याही आज्ञावलीकाराला पूर्णपणे सोडविता आलेला नाही, कारण तो मुळात यंत्राचा नाही. नियम करणाऱ्या प्रत्येकाचा आहे.

अपयशाचा भार कोणावर पडावा, हाही तसाच एक प्रश्न. सर्कलमडमध्ये मांत्रिकाची एकाग्रता ढळून मंत्र फसला, तर त्या मंत्राला लागणाऱ्या मानापैकी अर्धीच खर्ची पडते. प्रयत्न केला म्हणून काही गेले, साधले नाही म्हणून काही उरले. पण वस्तूचे अर्धे कसे करावयाचे? मोती अर्धा जळत नाही. सामग्री मंत्राच्या आरंभी घ्यावी तर अपयशी मांत्रिक नागवला जातो. अखेरीस घ्यावी तर अपयश फुकट पडते आणि कोणीही निर्धास्तपणे पुन्हा पुन्हा प्रयत्न करू लागतो. मंत्राला काही क्षणांचा अवधी लागत असेल तर आणखी सावधगिरी हवी, कारण आरंभी दाखविलेली वस्तू मधल्या वेळात मित्राच्या हाती देता येते. मग मोजणी दोनदा करावी लागते. टेबलापाशी सूत्रधाराची नजरच या कामाला पुरत होती.

तथापि लिहून ठेवलेला नियम नेहमीच रूक्ष असतो असे मात्र समजू नये. सर्कलमडमध्ये मृताला उठविण्याचा एक मंत्र आहे. त्याला प्रेत लागते. समोर प्रेत नसेल तर तसे स्पष्ट शब्दांत सांगितले जाते. मंत्र साधला की प्रेत नाहीसे होते, कारण त्यातूनच नवा अनुचर उभा राहतो. आता या जगात प्रेत हे मृताच्या सामानाचे गाठोडेही असते. प्रेत नुसते पुसून टाकले असते तर त्याच्याबरोबर ते सामानही जगातून नष्ट झाले असते. म्हणून प्रेत पुसण्यापूर्वी आज्ञावली त्यातील एकेक वस्तू काढून त्या अनुचराच्या हाती सोपविते. ज्याने हे लिहिले त्याने क्षणभर थांबून विचार केला होता की ही वस्तू नाहीशी करताना आपण आणखी काय नाहीसे करीत आहो. उत्तम नियमकर्त्याची ही खूणच होय.

आणि इतके करूनही जे सुटले त्याचे काय? त्यासाठी प्रत्येक मडमध्ये काही अधिकारी माणसे असत. कोठे त्यांना 'अमर' म्हणत, कोठे 'विझर्ड'. आज्ञावलीच्या चुकीने एखाद्याची औषधी नाहीशी झाली, की तो त्यांच्याकडे गाऱ्हाणे घेऊन जाई. ते त्याचे म्हणणे ऐकून घेत, खरेखोटे ताडून पाहत आणि पटले तर वस्तूचा क्रमांक टंकित करून ती नव्याने निर्माण करून देत. ज्या सूत्रधाराला १९७८ साली टेबलावरून उठविले होते तो असा पुन्हा आपल्या जागी येऊन बसला. दिवसाचे हजारो व्यवहार यंत्राने निःपक्षपणे पार पाडावेत आणि जेथे नियमाची नजर पोहोचत नाही तेथे माणसाने लक्ष घालावे, अशी वाटणी कोणी ठराव करून केली नव्हती. अनुभवाने ती आपोआप झाली.

शब्दांची ती जगे पुढे चित्रमय खेळांच्या गर्दीत मागे पडली, तरी त्यांपैकी काही अद्याप चालू आहेत, आणि सर्कलमडची ती पानभर आज्ञावली आजही कोणालाही वाचावयास मिळते. ती वाचणाऱ्याला प्रथम एक किरकोळ करमणूक दिसते: चामखीळ, धूर, झोळी. मग हळूहळू लक्षात येते की काय मोजावे, केव्हा घ्यावे, काय कळवावे आणि कोणाचे नुकसान होऊ देऊ नये, हे प्रश्न कोणा विद्यार्थ्याने तेथे प्रामाणिकपणे सोडवावयास घेतले होते. काही सुटले, काही राहिले. पिशवी उघडून पाहावयाची राहून गेली. आणि अक्षतांची जागा मोकळीच राहिली. ती भरावयास शेवटी माणूसच लागला.